आधी स्केट्स, मग स्टिक: आइस हॉकीचं सामान घेताना

हॉकीच्या दुकानात शिरलेलं पोर आधी स्टिक्सच्या भिंतीकडे धावतं. मागोमाग आईवडीलही तिकडेच जातात, कारण स्टिक देखणी असते आणि टीव्हीवर खेळाडूच्या हातात तीच दिसते. माझं सांगणं असं, की आधी बाकावर बसा, बूट काढा आणि पाय मोजून घ्या. जेवढे पैसे खर्च करायचं ठरवलं असेल त्यातला मोठा वाटा स्केट्सवर घाला आणि उरलेल्यात स्टिक बघा. बेताच्या स्टिकनं उत्तम खेळता येतं. सैल स्केट्समध्ये मात्र नीट उभंही राहता येत नाही.

मी कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसागामध्ये एका आइस रिंकला लागून असलेल्या दुकानात संध्याकाळी काम करते. स्केट्स पायात बसवून देणं, पात्यांना धार लावणं, स्टिक मापात कापून देणं हे माझं काम. शिवाय बायकांच्या लीगमध्ये डिफेन्सला खेळते. मुलांना हाउस लीगमध्ये, म्हणजे गावातल्या हौशी लीगमध्ये, घालणारी मराठी कुटुंबं आता ब्रॅम्प्टन, ओकव्हिल, मिल्टनकडून बरीच येतात. चाळिशीत पहिल्यांदा बर्फावर उतरणारे बाबा आणि आयाही येतात. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

स्केट्स पायाला कसे हवेत

"ताई, दोन नंबर मोठे द्या, पुढच्या हिवाळ्यातही चालतील." हे वाक्य मी सतत ऐकते. वाढत्या अंगाचे कपडे घ्यायची सवय आपल्या घराघरात आहे आणि कपड्यांपुरती ती शहाणपणाचीच आहे. स्केट्सना ती लावू नका. स्केटचा बूट घोटा आणि टाच घट्ट धरून ठेवण्यासाठी असतो. आत जागा उरली की टाच वर सरकते, घोटा आत कलतो आणि पात्याच्या धारेवर जोर देताच येत नाही. रिंकच्या काचेपलीकडून बघणाऱ्या आईला वाटतं, पोराचे घोटेच कमजोर आहेत. दहातल्या नऊ वेळा घोटे ठणठणीत असतात, बूट मोठा असतो. वाढत्या मुलासाठी अर्धा नंबर मोठा घ्या, त्याहून जास्त नको. बोटं पुढे टेकवून उभं केल्यावर टाचेमागे तुमचं एक बोट जेमतेम शिरलं तर ठीक. दोन शिरली तर तो बूट परत खोक्यात ठेवा.

हॉकी स्केटचा नंबर रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबरानं लहान असतो. नऊ नंबरचा स्पोर्ट्‌स शूज घालणाऱ्याला साडेसात किंवा आठचा स्केट लागतो. पण आकड्यावर विसंबून ऑनलाइन मागवू नका, निदान पहिला जोड तरी नाही. बाउर आणि सीसीएम या दोन मोठ्या कंपन्यांच्या बुटांचे आकार वेगळे आहेत, आणि एकाच कंपनीतही रुंदीचे प्रकार आहेत. बाउरमध्ये हल्ली फिट १, फिट २, फिट ३ असं मिळतं: १ म्हणजे अरुंद आणि उथळ, ३ म्हणजे रुंद आणि खोल. सीसीएमकडे टेपर्ड, रेग्युलर आणि वाइड. माझ्याकडे येणाऱ्या आपल्या लोकांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसते. चवडा पसरट असतो आणि टाच त्या मानानं निमुळती. अशा पायाला नुसता लांब बूट दिला की चवडा सुटतो पण टाच आत हलत राहते. इथे नंबर वाढवायचा नसतो, रुंदी वाढवायची असते. त्याच नंबरात फिट ३ किंवा वाइड घालून बघा आणि टाच जागेवर राहते का ते तपासा.

आता प्रत्यक्ष घालायचा कसा. एकच पातळ मोजा घाला. थंडी म्हणून लोकरीचे दोन-दोन मोजे चढवून आणलेली मुलं मी रोज बघते. त्यानं पाय आवळला जातो, रक्त फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. नाड्या अगदी खालपर्यंत सैल करा, जीभ पुढे ओढा, पाय आत सरकवा. मग बसल्या बसल्या टाच रबरी मॅटवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे पाय बुटाच्या मागच्या खोबणीत जाऊन बसतो. ही पायरी लोक विसरतात आणि मग लांबीचा अंदाज चुकतो. नाड्या बोटांजवळ बेताच्या, पायाच्या उंचवट्यावर चांगल्या घट्ट आणि घोट्याच्या वर किंचित सैल बांधा. वरच्या दोन भोकांत जीव खाऊन आवळलं की गुडघा पुढे वाकत नाही.

उभं राहा. सरळ उभं असताना पायाची बोटं पुढच्या टोपीला जेमतेम लागली पाहिजेत, दुमडता कामा नयेत. आता खेळताना बसतो तसे गुडघे वाकवा. टाच मागे सरकते आणि बोटं टोपीपासून सुटतात. दोन्ही झालं तर लांबी बरोबर. नंतर मी एक पेन्सिल घेते. नाड्या काढून वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर ती आडवी ठेवते. पेन्सिल दोन्ही काठांना टेकली तर बूट पुरेसा खोल आहे. पायाच्या उंचवट्यावर अडकून हलायला लागली तर बूट उथळ आहे, आणि तो घेतलात तर काही दिवसांत पावलाच्या वरच्या बाजूला ठणका लागेल. मुलांना "दुखतंय का?" असं विचारू नका. नवा बूट हवा असलेलं पोर "नाही" असंच म्हणणार. "बोटं हलवून दाखव", "टाच उचलून दाखव" असं सांगा आणि तुमचा अंगठा टाचेच्या वरच्या बाजूला ठेवून स्वतः बघा.

चांगल्या बुटांना दुकानात गरम करून पायाचा आकार देतात. बूट छोट्या ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवतो, मऊ झाला की पाय घालून नाड्या हलक्या हातानं ओढतो, कारण गरम असताना जोरानं ओढल्या तर भोकांच्या कड्या निखळतात. मग दहा-पंधरा मिनिटं गुपचूप बसून राहायचं, उभं राहायचं नाही. त्यानंतर दिवसभर तरी स्केटिंग नको. हे केलं तर टाच किती सुंदर धरली जाते ते पहिल्याच दिवशी कळतं. मात्र चुकीच्या मापाचा बूट ओव्हनमधून योग्य मापाचा होऊन बाहेर पडत नाही.

महागडे स्केट्स म्हणजे चांगले स्केट्स, हे नवशिक्याच्या बाबतीत खरं नाही. हजार डॉलरच्या वरचे बूट कडक असतात, कारण ते जोरात वळणाऱ्या, जड, तरबेज खेळाडूसाठी बनवलेले असतात. २५ किलोचं मूल तो बूट वाकवूच शकत नाही. त्याला गुडघा पुढे नेता येत नाही आणि ते लाकडी ओंडक्यासारखं ताठ सरकत राहतं. लहान मुलाला आणि नव्या प्रौढाला खालच्या-मधल्या श्रेणीतला बूट जास्त मानवतो.

वापरलेले स्केट्स घ्यायला अजिबात हरकत नाही. मुलं हंगामात एक-एक नंबर ओलांडतात, त्यामुळे प्ले इट अगेन स्पोर्ट्‌ससारख्या दुकानांत जेमतेम वापरलेले जोड मिळतात. तीन गोष्टी बघा. बूट टेबलावर ठेवल्यावर घोट्याचा भाग एका बाजूला झुकलेला नसावा. पात्याची उंची शिल्लक असावी, कारण दर धारेला पातं थोडं थोडं झिजतं. आणि तळाचे रिव्हेट गंजून सैल झालेले नसावेत.

धार

नवे स्केट्स बहुतेक वेळा धार न लावताच येतात. वाढदिवसाला खोकं उघडून थेट बर्फावर नेलेलं मूल पहिल्याच पावलाला घसरतं आणि घाबरतं, म्हणून हे आवर्जून सांगते. पहिली धार लावूनच बर्फावर न्या.

पात्याचा तळ सपाट नसतो. त्यात लांबीभर पन्हळीसारखी खोबण असते आणि तिच्या दोन काठांवर आपण उभे असतो. ही खोबण ज्या गोलाईनं कोरतात, तिची त्रिज्या इंचांत सांगतात. आकडा जितका लहान तितकी खोबण खोल आणि बर्फावर पकड जास्त. कोणी काही सांगितलं नाही तर बहुतेक दुकानं १/२ इंच लावतात, आणि सुरुवातीला बहुतेकांना ते चालतं. हलक्या, चपळ मुलांना ७/१६ किंवा ३/८ नं वळताना आधार मिळतो. ८०–९० किलोच्या माणसाला मी ५/८ सुचवते. त्याचं वजनच पातं बर्फात रुतवतं. त्यात खोल खोबण दिली तर तो थांबायला जातो आणि स्केट बर्फात अडकून तोंडावर पडतो. "मला थांबता येत नाही" असं म्हणणाऱ्या किती तरी मोठ्या माणसांची अडचण नुसती धार बदलून निम्मी झालेली मी पाहिली आहे. बाहेरच्या रिंकवर, कडक थंडीत, बर्फ दगडासारखा असतो. तिथे थोडी खोल खोबण बरी. आतल्या रिंकचा बर्फ मऊ असतो.

पुण्या-मुंबईत इनलाइन स्केटिंग केलेल्यांचा तोल इथे फार लवकर जमतो, पण थांबणं पुन्हा शिकावं लागतं. चाकं आडवी घसरत नाहीत, पातं घसरतं, आणि ते किती घसरेल हे धारेवर ठरतं. त्यांनी सुरुवातीला ५/८ मागून बघावं.

धार नीट लागली का, हे दुकानातून निघण्याआधी तपासा. स्केट उलटा धरा, पातं वर. पात्यावर एक नाणं आडवं ठेवा आणि समोरून डोळ्यांच्या पातळीवर आणून बघा. नाणं पात्याशी काटकोनात, सरळ दिसलं पाहिजे. एका बाजूला कललं असेल तर एक काठ उंच आहे, एक खाली, आणि मूल एका बाजूला वळताना पडेल. असं दिसलं तर विनासंकोच परत द्या. नखावर काठ हलकेच ओढलात तर बारीक पांढरा कीस निघतो. तो निघेनासा झाला की पुन्हा धार लावायची वेळ झाली. साधारण आठ-दहा तास बर्फावर गेले की ती येते. पण पार्किंगमधल्या काँक्रीटवरून चार पावलं चालली तर ती त्याच दिवशी येते.

स्टिक: आधी हात ठरवा

स्टिकवर एल किंवा आर लिहिलेलं असतं. तुमचं मूल उजव्या हातानं जेवतं, लिहितं म्हणून आर उचलू नका. आर म्हणजे उजवा हात खाली, दांड्याच्या मध्याकडे. एल म्हणजे डावा हात खाली. कॅनडात उजव्या हाताची कित्येक मुलं डावीकडून, म्हणजे एल स्टिकनं खेळतात. बळकट, तरबेज हात वर टोकाशी असला की पक, म्हणजे चेंडूऐवजी असणारी रबरी चकती, खेळवणं आणि एका हातानं स्टिक पुढे टाकून पक काढून घेणं सोपं जातं, असं इथले कोच सांगतात, आणि ते खरं आहे.

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळी आहे. उजव्या हाताचा फलंदाज बॅट धरतो तेव्हा डावा हात वर आणि उजवा खाली असतो. मैदानी हॉकीत तर उजवीचीच स्टिक असते, तिथेही डावा वर, उजवा खाली. त्यामुळे गल्लीत क्रिकेट खेळून किंवा धनराज पिल्लेंच्या खडकीत हॉकी खेळून इथे आलेल्या प्रौढाच्या हातात स्टिक दिली की ती आपोआप आरसारखी धरली जाते. अशा माणसाला मी आरच देते. वर्षानुवर्षांचं वळण मोडण्यात हशील नाही, आणि उजवीकडून खेळणारे डिफेन्समन एनएचएल या इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्येही कमी असल्यानं संघांना हवेच असतात. पाच-सहा वर्षांच्या, अजून काहीच सवय न लागलेल्या मुलाला दोन्ही देऊन बघा. घरी त्याला बर्फाचं फावडं किंवा लांब दांड्याचा झाडू द्या आणि काही न सांगता बघा, कुठला हात खाली जातो. चार वेळा तोच हात खाली गेला, तर उत्तर मिळालं.

लांबी आणि फ्लेक्स एकत्र बघा

अनवाणी उभं राहून स्टिक टोकावर उभी धरली तर ती नाकापर्यंत यावी. स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत. ही सुरुवात, नियम नव्हे. पक पायांजवळ खेळवत लोकांमधून वाट काढणाऱ्या फॉरवर्डला इंच-दोन इंच आखूड स्टिक आवडते. मी डिफेन्सला आहे, मला लांब लागते, कारण समोरून येणाऱ्याचा पक दूरवरूनच हुसकावता आला पाहिजे.

फ्लेक्स म्हणजे दांडा किती वाकतो त्याचा आकडा. दांडा एक इंच वाकवायला जेवढे पौंड जोर लागतो, तो फ्लेक्स. मारताना दांडा वाकतो आणि सरळ होताना पकला फेकतो. न वाकणाऱ्या स्टिकनं पक नुसता ढकलला जातो. इथे सगळे सांगतात, पौंडातल्या वजनाच्या निम्मा फ्लेक्स घ्या. किलोत विचार करणाऱ्यांना याहून सोपं आहे: तुमचं वजन जेवढे किलो, साधारण तेवढाच फ्लेक्स. ७५ किलोच्या माणसाला ७५ ते ८०, ३० किलोच्या मुलीला ३० ते ३५. नवशिक्यांनी याहून थोडा खालचा घ्यावा, वरचा कधीच नको.

पण स्टिक कापली की ती कडक होते, आणि इथेच पैसे वाया जातात. सिनियर, म्हणजे मोठ्यांच्या, स्टिक्स साधारण ७५ फ्लेक्सपासून पुढे मिळतात आणि लांब असतात. पाच फूट तीन इंच उंचीची, ५८ किलोची बाई ७५ची सिनियर स्टिक घेते आणि तीन-चार इंच कापून नेते. तिच्या हातात प्रत्यक्षात पडते नव्वदीकडे झुकणारी स्टिक. ती काही केल्या वाकत नाही आणि मग बाईला वाटतं आपल्या मनगटातच जोर नाही. तिच्यासाठी इंटरमीडिएट स्टिक असते, ५५ ते ६५ फ्लेक्सची, बहुधा न कापता बसणारी आणि थोडी स्वस्तही. "इंटरमीडिएट" हे मुलांचं माप आहे असं समजून ती टाळू नका. मोठ्या भावाची स्टिक कापून धाकट्याला देतानाही हेच ध्यानात ठेवा. ५०ची ज्युनियर स्टिक कापून सहा वर्षांच्या मुलाला दिली, तर त्याच्यासाठी ती काठीच. बऱ्याच दांड्यांवर कुठे कापलं तर फ्लेक्स किती होईल याच्या खुणा छापलेल्या असतात. करवत लावण्याआधी त्या वाचा.

किक पॉइंट म्हणजे दांडा कुठे वाकतो. खाली वाकणारी स्टिक पटकन मनगटी शॉट मारणाऱ्यांसाठी, मध्यावर वाकणारी लांबून स्लॅप शॉट, म्हणजे स्टिक मागे उचलून जोरदार फटका, मारणाऱ्यांसाठी. पहिल्या दोन हंगामांत यावर डोकं शिणवू नका.

ब्लेडचा बाक

स्टिकच्या खालच्या चपट्या भागाला ब्लेड म्हणतात. त्याच्या बाकांना आकडे आहेत. पी-९२ सगळीकडे मिळतो. सीसीएममध्ये तोच साधारण पी-२९ म्हणून येतो. त्याचा चेहरा उघडा, म्हणजे वरच्या बाजूला कललेला असतो, त्यामुळे पक सहज उचलला जातो, कधी कधी नको तेव्हाही. पी-८८ त्याहून बंद आणि शांत आहे. पास सरळ जातो, बॅकहँड (ब्लेडच्या उलट्या बाजूनं मारणं) जमतो, पक जमिनीलगत राहतो. पी-२८चा बाक टोकाशी आहे. टोकावरून झटक्यात मारणाऱ्या, हात तयार झालेल्या खेळाडूंना तो फार आवडतो आणि मुलांना हवाच असतो, कारण मोठी मुलं तो वापरतात. मी नवख्याला पी-८८ देते. दुकानात नसेल तर पी-९२ घ्या, बिघडत काही नाही. पी-२८ मात्र पास देणं आणि घेणं पक्कं होईपर्यंत नको. त्या बाकावर बॅकहँड पास शिकणं फार त्रासाचं आहे, आणि हाउस लीगमध्ये गोल पासवरच होतात.

अगदी लहानांना, यू-७ मध्ये (सात वर्षांखालच्या गटात), चार औंसांचा हलका निळा पक असतो. मोठ्यांचा काळा पक सहा औंसांचा. त्या वयात बाकाचा विचारच करू नका. हलकी, वाकणारी, नाकापर्यंतची स्टिक पुरे.

कार्बनच्या वरच्या श्रेणीतल्या सिनियर स्टिकला ३०० डॉलरच्या वर पडतात. ती पातळ आणि हलकी असते, आणि ब्लेडवर एक चुकीचा फटका बसला तर पहिल्या आठवड्यातही तुटू शकते. दीडशे डॉलरच्या आतली स्टिक किंचित जड, पण दणकट. तीच घ्या. वॉरंटी बहुधा ३० दिवसांची असते, तेव्हा पावती जपून ठेवा. नवं मॉडेल आलं की मागच्या वर्षीचं बरंच स्वस्त होतं आणि नव्यात सहसा रंगापलीकडे फारसं बदललेलं नसतं.

स्टिक घरी नेलीत की ब्लेडला टेप लावा आणि चार-पाच वेळा खेळून झाल्यावर टेपच्या खालच्या कडेकडे बघा. मध्यावर झिजली असेल तर लांबी तुमच्या अंगाला बसली आहे. ब्लेडच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, झिजली असेल तर स्टिक लांब आहे, टोक हवेत राहतंय. अर्धा इंच कापून पुन्हा बघा, एकदम दोन इंच नको. टोकाकडे झिजत असेल तर स्टिक आखूड पडतेय, किंवा तिचा लाय, म्हणजे दांडा आणि ब्लेडमधला कोन, तुमच्या उभं राहण्याला जुळत नाही. दांड्याच्या वरच्या टोकात घालायचा लाकडी जोड मिळतो, त्यानं काही इंच लांबी वाढवता येते. ब्लेडची झिजलेली टेप न काढता स्टिक तशीच दुकानात घेऊन या. झीज बघून काय करायचं ते सांगणं कुणालाही सोपं जातं.